हरकत लिहायची ती तक्त्यातल्या दोन ओळींसाठी

प्रश्न: कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझी घरगुती खानावळ आहे. महापालिका कधी कचऱ्याचे, कधी फेरीवाल्यांचे, कधी बांधकामाचे नवे नियम आणते आणि पेपरात कुठंतरी कोपऱ्यात ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ असं छापून येतं. आमच्यासारख्यांनी त्यावर लिहायचं कसं, द्यायचं कुणाकडं, आणि दिलं तर ते खरंच कोण वाचतं का?

उत्तर: ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर कळलं की कसं लिहायचं ते निम्मं आपोआप कळतं. वाचतात. पण तुमचा कागद नीट वाचणारा माणूस एकच असतो आणि तो कारकून असतो. बाकी सगळे वाचतात ते त्या कारकुनानं केलेला गोषवारा.

मी नगरसचिव कार्यालयात २८ वर्षं काढली. महापालिका कुठली ते राहू दे. निवृत्त झाल्यावर माझ्या गावी, कोल्हापुरात येऊन राहिलोय. हरकतींचे गोषवारे किती केले त्याला गणती नाही. लीगल साइझचा कागद आडवा धरायचा आणि रकाने आखायचे: अनुक्रमांक, हरकतदाराचं नाव-पत्ता, मसुद्यातलं कलम, हरकतीचा आशय, विभागाचा अभिप्राय. शेवटचा रकाना निर्णयाचा, तो कोरा सोडायचा. आशयाच्या रकान्यात फार तर दोन ओळी बसतात. पत्र एक पानाचं असो नाहीतर सात पानांचं, त्याच्या वाट्याला त्या दोन ओळी. महापालिकेच्या सभेपुढं जातो तो हा तक्ता, मंत्रालयात जातो तोही हाच. मूळ पत्रं सुतळीनं बांधून मागं लावलेली असतात, आणि ती सुतळी कुणी सोडलेली मी नोकरीभरात दोन-तीनदाच पाहिली.

तेव्हा पत्र असं लिहायचं की कारकुनाला गोषवारा करायचे कष्टच पडू नयेत. पहिलं वाक्य उचलावं आणि जसंच्या तसं रकान्यात उतरवावं.

आपल्याकडं नेमकं उलटं होतं. इथले ओळखीचे लोक पत्र दाखवायला आणतात. सुरुवात ‘राजर्षी शाहूंच्या या पुरोगामी नगरीत’ अशी. मग रस्त्यातले खड्डे, रंकाळ्याचं पाणी, रखडलेली हद्दवाढ, मागच्या निवडणुकीतली आश्वासनं. आणि तिसऱ्या पानाच्या तळाला, सहीच्या जरा वर, मूळ मुद्दा. दुपारी चारला दोनशेवं पत्र हातात घेतलेला कारकून तिथवर पोहोचत नाही. तो आशयात लिहितो, ‘शहरातील नागरी सुविधांबाबत तक्रार’. विभागाचा अभिप्राय येतो, ‘प्रस्तुत मसुद्याशी संबंधित नाही’. संपलं. कारकुनाला शिव्या घालू नका, मीही असंच केलंय.

आता तुमच्याच धंद्यातलं एक उदाहरण. घनकचऱ्याच्या उपविधींचा, म्हणजे महापालिकेनं स्वतः करायच्या नियमांचा, मसुदा आला होता. शेवटी शुल्काची अनुसूची, आणि तिच्यात एका ओळीत ‘हॉटेल, उपाहारगृह, खानावळ’ असं लिहून तिघांना एकच दर. शंभराच्या वर हरकती त्या ओळीवर आल्या. बहुतेकांचा सूर एकच: गरिबांवर अन्याय आहे, शुल्क रद्द करा. त्या सगळ्यांवर विभागानं एकच अभिप्राय दिला, ‘शुल्क आकारणी केंद्र शासनाच्या नियमांनुसार असल्याने अमान्य’. आणि विभागाचं चुकलंही नव्हतं. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनीच स्थानिक संस्थांना उपविधी करायला आणि वापरकर्ता शुल्क ठरवायला सांगितलं होतं. जी गोष्ट वरून आलीय ती रद्द करा म्हणणं म्हणजे तलाठ्याकडं जाऊन पाऊस मागण्यातला प्रकार.

त्या गठ्ठ्यात एका बाईंचं अर्ध्या पानाचं पत्र होतं. शब्द साधारण असे:

‘अनुसूचीतील हॉटेल-उपाहारगृह-खानावळ या नोंदीस हरकत. मी राहत्या घरातून डबे पुरवते. ग्राहकांना बसण्याची सोय नाही, नोकर नाही. रोजचा ओला कचरा दोन बादल्या, तो गल्लीतील म्हशीवाले नेतात. सोबत सात दिवसांच्या वजनाची नोंद. सूचना: सदर नोंदीखाली पुढील वाक्य घालावे: राहत्या घरातून चालणाऱ्या व ग्राहकांना बसण्याची सोय नसलेल्या खानावळीस निवासी दर लागू राहील.’

बाईंनी स्वयंपाकघरातल्या ताणकाट्यावर आठवडाभर बादली लटकवून वजन केलं होतं आणि वहीच्या पानावर तारीखवार लिहून जोडलं होतं. गोषवारा करायला मला काही उरलंच नाही. विभागाचा अभिप्राय ‘अंशतः मान्य’ असा आला आणि ते वाक्य थोड्या फरकानं मसुद्यात गेलं. ‘अंशतः’ का? पूर्ण मान्य लिहायला कुठल्याच खात्याचा हात उठत नाही. ते मनाला लावून घेऊ नका.

त्या पत्रात काय होतं ते बघा. कुठल्या कलमावर बोलतेय ते पहिल्याच ओळीत. आपली वस्तुस्थिती, तीही मोजलेली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या जागी कुठला शब्द हवा तो स्वतःच सुचवलेला. ‘विचार व्हावा’ असं लिहिलं की विचार होतो आणि तिथंच थांबतो. वाक्य तयार करून दिलं की खात्याला फक्त होय किंवा नाही म्हणायचं राहतं. आणि नाही म्हणायचं तर कारण लिहावं लागतं, ते होय म्हणण्यापेक्षा कटकटीचं असतं.

आता एक गोष्ट पेठांत रुचणार नाही. तालमीत किंवा मंडळात बसून एक मजकूर टाइप करायचा, चारशे झेरॉक्स काढायच्या आणि घरोघर सह्या घ्यायच्या, ही आपली आवडती जोडणी. तक्त्यात त्याचं काय होतं? ‘अ. क्र. ३७ ते ४४८: आशय समान.’ ४१२ माणसं, एक ओळ. आकडा दिसतो, नाही असं नाही, पण ओळ एकच. त्यापेक्षा गल्लीतल्या दहाजणांनी आपापल्या हातानं, आपापली अडचण लिहून द्यावी. डबेवाली एक सांगेल, वडापावची गाडीवाला दुसरं, वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी तिसरं. दहा ओळी होतात आणि प्रत्येकीवर वेगळा अभिप्राय द्यावा लागतो. सह्यांचं निवेदन द्यायचंच असेल तर द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

मोर्चाला मी कमी लेखत नाही. ज्या गावानं शेकापचे नेते एन. डी. पाटील सरांच्या मागं उभं राहून शहरातल्या रस्त्यांवरचा टोल घालवला, त्या गावाला मी काय शिकवणार? पण टोल अख्खाच नको होता, मागणी एका शब्दाची होती. उपविधींचं तसं नसतं. कचऱ्याचे नियम सगळ्यांनाच हवे असतात, खटकते ती एखादी व्याख्या, एखादा दर, दंडाआधी नोटीस देण्याचं राहून गेलेलं वाक्य. दसरा चौकातून घोषणा देऊन व्याख्या दुरुस्त होत नाही.

मग पुढचा प्रश्न, कागद द्यायचा कुणाकडं. इथं लोक फार फसतात, कारण बोलताना आपण सगळ्यालाच ‘बायलॉज’ म्हणतो.

महापालिकेनं स्वतः केलेले ते उपविधी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५८ खाली कुठल्या विषयांवर ते करता येतात याची लांबलचक यादी आहे. आयुक्त मसुदा सभेपुढं ठेवतात. अमुक तारखेला किंवा त्यानंतर सभा त्याचा विचार करणार अशी नोटीस राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत येते. मसुद्याची प्रत मुख्य कार्यालयात कुणालाही फुकट बघायला ठेवावी लागते. त्या तारखेपर्यंत आलेल्या लेखी हरकती सभेनं विचारात घ्यायच्या. आणि मंजूर झालं तरी शासनाची मान्यता मिळेपर्यंत उपविधी लागू होत नाहीत. म्हणजे तुमच्या पत्राला दोन दारं आहेत. इथं नाकारलं तर तीच हरकत, पोच जोडून, नगरविकास विभागाला पाठवता येते. हे दुसरं दार फारसं कुणी वाजवत नाही.

इमारतीच्या बाबतीत मात्र महापालिकेशी भांडण्यात अर्थ नाही. बाजूचं सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), उंची, पार्किंग, हे सगळं २ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतून येतं. मुंबईसारखे थोडे अपवाद सोडले तर ती राज्यभर एकच. तिच्यात बदल करायचा झाला की नोटीस शासन काढतं आणि हरकत कुणाकडं द्यायची तो नगररचना खात्याचा अधिकारी त्या नोटिशीतच लिहिलेला असतो. आयुक्तांच्या नावानं लिहिलेलं पत्र तिथं पोहोचेलच याची खात्री नाही.

विकास आराखडा तिसराच प्रकार. रस्ता, शाळा, बाग यांची आरक्षणं त्यात येतात. प्रारूप आराखडा जाहीर झाल्यावर हरकतींना ३० दिवस. त्या ऐकायला नियोजन समिती बसते, तिच्यात स्थायी समितीचे ३ सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त ४ जाणकार असतात, आणि इथं प्रत्यक्ष सुनावणी मिळते. मंजूर आराखड्यात पुढं किरकोळ फेरबदल करायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ ची नोटीस येते, तिला महिनाभराची मुदत. ही नोटीस चार बोटांची असते आणि तिच्यात फक्त सिटी सर्व्हे नंबर असतो. आपल्या मिळकतीचा आणि शेजारच्या मोकळ्या जागेचा नंबर पाठ नसेल तर ती डोळ्यासमोरून निघून जाते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवा.

फेरीवाल्यांचं वेगळं आहे. २०१४ च्या कायद्यानं शहर फेरीवाला समिती असते आणि तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचेच असावे लागतात. महाद्वार रोडवर पथारी असेल तर आपला प्रतिनिधी कोण ते आधी शोधा, पत्र नंतर लिहा. घरपट्टीचे दर उपविधीत येत नाहीत. ते अंदाजपत्रकाबरोबर २० फेब्रुवारीच्या आत ठरतात. त्यामुळं बिल हातात आल्यावर केलेली आरडाओरड त्या वर्षापुरती वाया. डिसेंबर-जानेवारीत बोला.

नोटीस पेपरात दिसली की कात्री घ्या आणि पेपराचं नाव-तारीख दिसेल असं ते पान कापून ठेवा. मोबाईलवरचा फोटो पुढं सापडत नाही. मग मुदत कुठून मोजायची ते वाचा. ‘राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून’ असं लिहिलेलं असेल तर पेपरातल्या तारखेवर जाऊ नका. राजपत्र आठवडाभर आधीचं असू शकतं आणि तुमचे तेवढे दिवस आधीच गेलेले असतात. मुदतीनंतर आलेल्या पत्रांचा आम्ही वेगळा गठ्ठा करायचो, वर ‘मुदतबाह्य’ लिहून. तो तक्त्यात जात नाही.

मसुदा वाचल्याशिवाय हरकत लिहू नका. पेपरातली बातमी म्हणजे मसुदा नव्हे. भाऊसिंगजी रोडवरच्या मुख्य इमारतीत जा आणि संबंधित खात्यात प्रत बघायला मागा. ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे ऐकायची तयारी ठेवा; प्रत बघायला साहेब लागत नाहीत, हे शांतपणे सांगा. माहिती अधिकारात अर्ज टाकून वाट बघत बसण्याची चूक तर मुळीच नको. त्या अर्जाला उत्तर द्यायची मुदतच ३० दिवसांची. उत्तर येईल तेव्हा हरकतीची मुदत संपलेली असेल. माहिती अधिकार नंतर कामाला येतो, ते पुढं सांगतो.

वाचताना सुरुवातीच्या व्याख्या आणि शेवटच्या अनुसूच्या आधी वाचा. मधली कलमं साधारण कुठल्यातरी आदर्श मसुद्यावरून उतरवलेली असतात. गोम असते ती ‘आस्थापना’, ‘व्यावसायिक’, ‘मोठा कचरा निर्माता’ असल्या शब्दांच्या व्याख्येत. केंद्राच्या २०१६ च्या नियमांत मोठा कचरा निर्माता म्हणजे दिवसाला सरासरी १०० किलोंच्या वर कचरा करणारा, असं होतं. एखाद्या मसुद्यात आकडा न घालता नुसतं ‘सर्व खानावळी’ लिहिलेलं असेल तर तुमच्या दोन बादल्यांची हरकत तिथंच तयार झाली. दंडाची तरतूद दिसली की आणखी एक गोष्ट बघा: दंडाआधी नोटीस आहे का, आणि दंडाविरुद्ध दाद कुणाकडं? ते नसेल तर ते वाक्य सुचवा. अशी सूचना कुठलंच खातं सहसा फेटाळत नाही.

पुराव्याचं म्हणाल तर कोल्हापूरकरांकडं एक पुरावा घराघरात आहे आणि तो वापरायचं कुणाच्या डोक्यात येत नाही: भिंतीवरची पुराची खूण. आराखड्यात किंवा पूररेषेच्या बाबतीत हरकत घ्यायची असेल तर ‘आमच्याकडं पाणी येत नाही’ किंवा ‘फार येतं’ याला किंमत शून्य. २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फूट ७ इंचांवर गेली होती, २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंचांवर. धोका पातळी ४३ फुटांची. हे आकडे सरकारी आहेत, ते कुणी नाकारत नाही. आता तुमच्या जोत्यापासून ती खूण किती इंचांवर आहे ते टेपनं मोजा, टेप धरूनच फोटो काढा आणि लिहा: अमुक साली बंधाऱ्यावर इतकी पातळी असताना सिटी सर्व्हे नं. अमुक येथील जोत्यावर इतके इंच पाणी होते. सुतारवाडा, दुधाळी, बापट कॅम्प इकडच्या लोकांनी अशा शंभर नोंदी एकत्र केल्या तर पुराची निळी-लाल रेषा आखणाऱ्यांना त्या नुसत्या बाजूला सारता येणार नाहीत. खूण रंगवून टाकायच्या आधी हे करा. दिवाळीच्या रंगात कितीतरी पुरावे गेलेत.

भाषा मराठीच ठेवा आणि ‘न्यायाच्या प्रतीक्षेत’ वगैरे वगळा. एका पत्रात एकच मुद्दा. तीन मुद्दे असतील तर तीन पत्रं द्या. लोकांना हे विचित्र वाटतं, पण तक्त्यात तीन ओळी मिळतात. खाली पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि सही. निनावी पत्र वाचलं जातं, गालात हसूही येतं कधी कधी, पण त्याला अनुक्रमांक मिळत नाही. शेवटी ‘समक्ष म्हणणे मांडण्याची संधी मिळावी’ हे एक वाक्य घाला. उपविधींच्या बाबतीत समोर बोलावतीलच असं नाही, पण मागितलंच नव्हतं असं तरी व्हायला नको.

सुनावणीला बोलावलं तर वकील लागत नाही. तुम्हाला चार-पाच मिनिटं मिळतात आणि समोरची माणसं सकाळपासून ऐकून कंटाळलेली असतात. पत्र वाचून दाखवू नका, ते त्यांच्यापुढं आहे. नकाशा किंवा फोटो टेबलावर ठेवा, त्यावर बोट ठेवा आणि सांगा. इथं अनेकांचा आवाज चढतो, आपल्या गावाचा तो स्वभावच. पण आवाज चढला की इतिवृत्त लिहिणाऱ्याचं पेन थांबतं. उठताना त्या लिहिणाऱ्याकडं बघून विचारा, ‘माझं म्हणणं काय नोंदवलंत, वाचता का जरा?’ मला आयुष्यात दोघांनीच असं विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा मला खाडाखोड करावी लागली होती.

पत्राची एकेक प्रत नगरसेवकांनाही द्या. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं प्रशासकच सगळं होते. त्या काळात लोकांची ही सवय मोडली. आता बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक आहेत. चौघांनाही द्या, पक्ष बघू नका. सभेत तक्त्यातल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवून ‘हे काय आहे?’ असं विचारणारा एक सदस्य पुरतो. त्या ओळीपुरती तरी सुतळी सुटते.

निर्णय झाल्यावर मात्र माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. मागायचं ते एवढंच: हरकतींचा गोषवारा तक्ता, माझ्या हरकतीवरचा अभिप्राय आणि सभेचा ठराव. तुमची हरकत तक्त्यात आलीच नसेल तर ती विचारात घेतली नाही हे तिथंच दिसतं. पुढं कोर्टात जायची वेळ आली तर हाच कागद वकील पहिल्यांदा मागतो. त्यासाठी मुंबई गाठायलाही नको. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून इथंच बसतं. खानावळीच्या शुल्कासाठी तिथवर कुणी जाऊ नये असं माझं मत आहे, पण घरावर आरक्षण पडलेल्यानं जावं.

या सगळ्याला आधार म्हणजे पोच. पत्राच्या दोन प्रती न्या, आवक विभागात एक द्या आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. विभागीय कार्यालय घराजवळ आहे म्हणून तिथं दिलं तर चालतं का, असं बरेच विचारतात. नोटिशीत जे कार्यालय लिहिलंय तिथंच द्या. एका कार्यालयातून दुसऱ्याकडं जाताना पत्राला आठ दिवस सहज लागतात. ईमेलचा पत्ता नोटिशीत असेल तर ईमेलही करा, पण कागद सोडू नका. जायला जमत नसेल तर स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती पत्राच्या प्रतीला टाचा. शेवटच्या दिवशी दुपारनंतर खिडकीवर रांग असते, शिक्क्याची शाई संपत आलेली असते. तारीख पुसट उमटली तर तिथंच उभं राहून दुसऱ्यांदा शिक्का मारून घ्या.